किती मेणबत्त्या?

ता. ३ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे दादाकडून कळलं. महिनाभर वाकायचं नाही, वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान हे पत्र वहिनीकडून वाचून घ्या. वहिनी, मधलं काही गाळू नकोस. आवाज चढवायची जागा आली तर खुशाल चढव.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, माणूस मात्र कुरकुरत नाही. बाल्कनीतल्या कुंडीत कबुतराने अंडी घातली, त्यामुळे कुंडी आता आमची राहिलेली नाही. शाळाही ठीक.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडणार होते, पण राहू दे. तुम्हाला सगळं कळलंच असेल. हेडबाईंनी तुम्हाला पत्र टाकलंय हे शिपाईमामांनी मला सांगितलं, कारण पाकीट त्यांनीच डकवलं. बारा तारखेला, गुरुवारी, माझी शाळा समितीपुढे पेशी आहे आणि त्यासाठी तुमचं मत मागवलंय. साहजिक आहे. सातवीचं विज्ञान अजून तुमच्याच वहीवरून चालतं. पूर्वी ती हाताने उतरवायची, आता छापून मिळते, एवढाच फरक. मुलं तिला पुस्तक म्हणत नाहीत, ‘अण्णासरांची वही’ म्हणतात. त्यातली निम्मी मुलं तुम्ही निवृत्त झाल्यावर जन्मली.

हेडबाईंनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, म्हणून माझ्याकडूनही ऐका.

वहीतला तो प्रयोग. ताटलीत पाणी, पाण्यात मेणबत्ती, वरून बरणी पालथी. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. वही सांगते की पाणी एक पंचमांश चढतं, कारण हवेत प्राणवायू एक पंचमांश असतो आणि तो जळून गेला. आपल्या शाळेत हा प्रयोग कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. शिक्षक फळ्यावर आकृती काढतात आणि म्हणतात, “निरीक्षण लिहून घ्या.” निरीक्षण लिहून घ्यायचं असतं, करायचं नसतं. मी स्वतः अठरा वर्षं हेच सांगत आले. या वर्षी नाही सांगितलं.

या वर्षी मी जॅमच्या दहा रिकाम्या बरण्या गोळा केल्या. चार-चार मुलांचे गट केले, प्रत्येक गटाला एक बरणी आणि दोन मेणबत्त्या दिल्या, बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून खुणा करायला लावल्या आणि एकच विचारलं, “पाणी किती चढतं आणि का?” पुढे काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. दोन बरण्या फुटल्या, फरशीवर तळं झालं आणि शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, “तुमच्याकडे पूर आला असेल तर आमच्याकडे निदान कळवत जा.” मला वाटलं, झक मारली आणि या फंदात पडले.

तिसऱ्या दिवशी मात्र वर्ग गप्प झाला. ऐकत असताना होतो तसा नाही, बघत असताना होतो तसा. एका गटाचं पाणी सहावा हिस्सा चढलं, दुसऱ्याचं पाव. कुणाचंच कुणाशी जुळेना. मग एका गटाने दुसऱ्याची मेणबत्ती उधार घेऊन तीन मेणबत्त्या एकाच बरणीखाली लावल्या, आणि पाणी तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. प्रत्येक वाक्य ‘पण’पासून सुरू करते, म्हणून मुलं तिला पणती म्हणतात. ती उठली. “पण बाई, बरणीतली हवा तेवढीच होती ना? मग तीन मेणबत्त्यांनी प्राणवायू जास्त कुठून आला?” मी काही बोलायच्या आत पुढचं, “पण बाई, पाणी जळताना चढतच नाही. विझल्यावर चढतं. मी चारदा बघितलं.”

अण्णा, मी इतकी वर्षं हा धडा शिकवते आहे. पाणी विझल्यावर चढतं हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, “मला माहीत नाही. शोधू या.” पुढचे आठ तास शोधत होतो. बरणी ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात हे एकाने पाहिलं. मग कुणाला तरी सुचलं की गरम हवा फुगून बाहेर जाते, उरलेली थंड झाली की आकसते आणि पाण्याला जागा होते. मग मेणबत्तीशिवाय, नुसती बरणी गरम पाण्यात बुडवून तापवली आणि ताटलीत पालथी घालून बघितली. तरी पाणी चढलं. त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. डबे तसेच पडून.

आणि मग जानेवारीतली चाचणी आली. सातवीच्या चारही तुकड्यांना एकच पेपर, वहीवरून काढलेला. रिकाम्या जागा भरा: बरणीतील पाणी ______ भागापर्यंत चढते. तीन तुकड्यांनी डोळे मिटून ‘एक पंचमांश’ लिहिलं. माझ्या अडतीस मुलांपैकी एकानेही नाही. कुणी ‘ठरलेलं नाही’ लिहिलं, कुणी ‘सहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा’. पणतीने त्या रिकाम्या जागेत लिहिलं, ‘किती मेणबत्त्या?’

त्या प्रश्नाला सगळ्यांना शून्य. एका मुलाचा पहिला नंबर हुकला, त्याच्या घरचे हेडबाईंकडे आले, त्यांच्या मागून आणखी चौघे. तक्रार अर्जात तीन मुद्दे आहेत: वर्गात गोंगाट असतो, फरशी ओली असते, आणि ‘शिक्षिका वर्गात “मला माहीत नाही” असे उघडपणे म्हणतात.’ तिसऱ्या मुद्द्याखाली लाल रेघ मारली आहे.

आता समितीला माझ्याकडून हमीपत्र हवंय. यापुढे वहीप्रमाणेच शिकवीन, निरीक्षणं वहीप्रमाणेच लिहून देईन, आणि एक पंचमांश हेच उत्तर बरोबर आहे असं वर्गात जाहीर सांगीन. सही केली नाही तर सातवी काढून घेणार. मी सही करणार नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मत कळवण्याआधी एकदा बरणी घेऊन बसा. टेबलावर ठेवा म्हणजे वाकावं लागणार नाही. वहिनी मेणबत्त्या लावून देईल. आधी एक लावा, मग तीन.

आपल्या दोघांची त्या बरणीशी जुनी ओळख आहे. त्याबद्दल आत्ता नको.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
मधली


ता. ९ फेब्रुवारी, सोमवार

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. तुमचं पोस्टकार्ड आज आलं. अक्षर मोठं आणि ओळी उताराला लागलेल्या, म्हणजे डॉक्टरांना धाब्यावर बसवून स्वतःच लिहिलंत. वहिनीला सांगून लिहून घेतलं नाहीत. का, ते मजकूर वाचल्यावर कळलं.

चार ओळी आहेत. चारही मला पाठ झाल्या. “सही कर. पाचवा हिस्सा बरोबर नाही हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून काय झालं, परीक्षेत तोच येतो. पोरांचे गुण घालवू नकोस. समितीला मी रीतीप्रमाणे कळवतो.”

मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि खाली बसले. तुम्ही रागवाल, मला उद्धट म्हणाल, वहीची बाजू घ्याल, या सगळ्याची माझी तयारी होती. तुम्हाला ठाऊक होतं, याची तयारी नव्हती.

गेल्या पत्रात जे टाळलं ते आता लिहिते. मी सातवीत होते. शाळेत तुम्हाला ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘अण्णा’, हा तुमचा नियम होता, आणि तो मी एकदाही मोडला नाही. तुम्ही तो प्रयोग आमच्या वर्गासमोर करून दाखवलात. दरवर्षी फळ्यावर आटपायचात, त्या वर्षी कोण जाणे का, खरा केलात. मी दुसऱ्या बाकावर होते. बरणीवर रेघा होत्या आणि मी त्या मोजल्या. वहीत लिहिलं, ‘पावापेक्षा थोडं जास्त’. वह्या तपासत तुम्ही माझ्यापाशी आलात, थांबलात आणि खिशातून खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवलंत. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, “सरांच्या घरात राहतेस आणि चूक लिहितेस?” वर्ग हसला. मी खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला. फाटलेल्या जागेच्या बाजूला एक पंचमांश लिहिलं आणि तुम्ही त्याला बरोबरची खूण केलीत.

आजवर मी धरून चालले होते की तुम्ही चुकला होतात. वडिलांची चूक पोटात घालता येते. मी घातली होती. आता कळतंय की माझी नजर बरोबर आहे हे तुम्हाला दिसत होतं, आणि तरी तुम्ही खोडरबर पुढे केलंत. हे पोटात घालता येत नाही, अण्णा. मी प्रयत्न करणार नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. साठ पोरं, एक बरणी, पस्तीस मिनिटं, वर दर वर्षी निकालाची टांगती तलवार. त्या वहीवर कितीतरी पोरं पार पडली, ज्यांच्या घरी अभ्यासाला दुसरं काहीच नव्हतं. ती माणसं आजही तुमचं नाव काढतात, आणि योग्यच करतात. पण ती पोरं पास झाली म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरत नाही.

आता माझा नंबर, कारण एवढं तुम्हाला सुनावून मी साळसूद राहिले तर बरं दिसायचं नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीने घरी तो प्रयोग केला आणि वहीत ‘पावच्या जवळ’ असं लिहून आणलं. मोठ्या हौसेने आणलं होतं. मी लाल पेनने त्यावर काट मारली. शेजारी ‘एक पंचमांश’ लिहिलं आणि वर ‘लक्ष देणे’ असा शेरा दिला. वर्षभरात तिने पुन्हा काही विचारलं नाही. हुशार होती, सगळे गुण मिळवून गेली. अक्षर सोडलं तर तो शेरा मी मारलेला नव्हता, तुम्ही मारलेला होता, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. हात माझाच होता.

म्हणून यंदा बरण्या गोळा केल्या. कुणाच्या शिबिरातून शिकून आले, कुठे नवं काही वाचलं, असं हेडबाईंना वाटतं. वाटू दे. मला फक्त पुन्हा काट मारायची नव्हती.

समितीला रीतीप्रमाणे कळवा. गुरुवारी भेटेन त्यांना.

मधली


ता. १५ फेब्रुवारी, रविवार

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. डोळ्याची पट्टी निघाली आणि आता लांबचं स्वच्छ दिसतं, असं वहिनी म्हणाली. बरं वाटलं. खरंच वाटलं, टोमणा नाही.

गुरुवारचं सांगते. हेडबाईंच्या खोलीत तीन टेबलं जोडली होती. मध्ये अध्यक्ष. त्यांचा फरशांचा व्यवसाय, त्यामुळे ओल्या फरशीचा मुद्दा त्यांना मनापासून लागला होता. ओलाव्याने सांधे कसे सुटतात यावर दहा मिनिटं गेली. मग हेडबाईंनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. सुंदर भाषा, नेहमीप्रमाणे. ‘वहीतील निरीक्षणे अनेक वर्षांच्या अनुभवावर आधारित असून त्यांत बदलाचे कारण दिसत नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, “बाई, प्रत्यक्ष वडील सांगतायत. आता काय राहिलं?”

तुमचं पोस्टकार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मुद्दाम घेऊन गेले होते, लपवत नाही. ते टेबलावर ठेवलं असतं तर तिथल्या तिथे सगळं उलटलं असतं. वही लिहिणाऱ्यानेच वही खोटी म्हटल्यावर समिती काय बोलणार? पर्सची चेन मी निम्मी उघडली होती.

आणि मग वाटलं, हे मी काय करते आहे? वर्षभर पोरांना सांगितलं, कुणी म्हटलं म्हणून खरं मानायचं नाही, बाईंनी म्हटलं तरी नाही. आणि आता मी जिंकायला निघाले ती कशाच्या जोरावर, तर अण्णासरांनी म्हटलंय म्हणून. एका अण्णासरांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या अण्णासरांची चिठ्ठी. मी चेन लावली आणि म्हटलं, “करून बघू या. मी सामान आणलंय.”

हेडबाई नको म्हणत होत्या, पण अध्यक्षांना गंमत वाटली. “होऊन जाऊ दे,” म्हणाले. मी ताटली मांडली, पाणी ओतलं, एक मेणबत्ती लावली, बरणी पालथी घातली. सगळे उठून टेबलाभोवती आले. मेणबत्ती विझली, पाणी चढायला लागलं, आणि अण्णा, नशीब बघा, चढून चढून बरोबर पाचव्या हिश्शाच्या खुणेवर थांबलं. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. वर्षभरात माझ्या एकाही गटाचं इतकं चोख आलं नव्हतं.

समितीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, “घ्या. निकाल लागला.” मीही हसले, हसू आवरेना. मग पिशवीतून आणखी दोन मेणबत्त्या काढल्या आणि म्हटलं, “आता तीन लावू या.”

अध्यक्ष बसले. हेडबाईंनी खिडकी उघडली. कुणीतरी घड्याळ बघितलं. अध्यक्ष म्हणाले, “एक पुरे आहे, बाई.” मी म्हटलं, “दोन मिनिटं लागतात.” ते म्हणाले, “एकीत उत्तर आलंय ना? मग तीन कशाला जाळायच्या?” आणि हमीपत्र माझ्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवून.

मी पेन बाजूला केलं आणि ताटलीतलं पाणी बादलीत ओतलं. म्हटलं, “तिसरी मेणबत्ती लावेपर्यंत माझी सही मिळणार नाही.” बरणी पुसली, पिशवीत भरली. ओली फरशीसुद्धा पुसली, म्हणजे तेवढा एक मुद्दा निकालात निघाला.

सातवी गेली. शुक्रवारी सकाळी नवा वेळापत्रकाचा कागद मिळाला. मला दुसरी दिली आहे, ‘क’ तुकडी, मागच्या इमारतीतली टोकाची खोली. हेडबाई तेवढ्यात कानाशी म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका, तिथे तुम्हाला निवांत मिळेल.” त्यांना सात वर्षांची मुलं माहीत नाहीत. पहिल्या तासाला मला अकरा प्रश्न विचारले गेले. त्यातला एक असा होता की झाडाची सावली झाडाला दिसते का. मला शिक्षा केली असं समितीला वाटतं. आणखी पाच वर्षांनी ही पोरं सातवीत जातील आणि तेव्हा समितीला कळेल.

सातवीचं वाईट मात्र वाटलं. ते लपवून उपयोग नाही. घरी येऊन पुरेपूर रडले, ह्यांनी चहा केला, तो गार झाला. अडतीस तोंडं डोळ्यांपुढून जाईनात. शनिवारी मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी बातमी आणली. माझ्या जागी आलेले सर वर्गात गेले, पुढचा प्रयोग काढला आणि म्हणाले, “निरीक्षण लिहून घ्या.” वर्गात कुणी पेन उचललं नाही. मग पणती उठली. “पण सर, अजून केलंच नाही.” सरांनी तिला बाहेर उभं केलं. ती उभी राहिली. मग दुसरा मुलगा उठला आणि तेच म्हणाला. तासाच्या शेवटी बाहेर नऊ जण होते.

त्यांचे गुण जातील. हे मला टोचतं, आणि तुम्हालाही नेमकं हेच टोचत आलं असणार, एवढं मी धरून चालते. पण त्यांना आत बसवायला मी जाणार नाही.

तुमचं पोस्टकार्ड सोबत परत पाठवते आहे. मी ते दाखवलं नाही याला मोठेपणा समजू नका, आणि मी तुम्हाला माफ केलं असं तर मुळीच समजू नका. ते तुमचं आहे. फाडायचं, ठेवायचं की समितीला पाठवायचं, तुम्ही ठरवा. मी त्याबद्दल पुन्हा विचारणार नाही.

विचारायचं ते वेगळं आहे. तुम्हाला ठाऊक असताना, स्वतःच्या मुलीने बरोबर बघितलंय हे दिसत असताना, तुम्ही तिला का खोडायला लावलंत? परीक्षेत तोच येतो, हे उत्तर मी धरणार नाही. ती परीक्षा नव्हती. तो मंगळवारचा साधा तास होता.

घाई नाही. या कामात मी एक गोष्ट नीट शिकले आहे. प्रश्न टाकला की शिक्षकाने गप्प उभं राहायचं. मुलं चुळबुळ करतात, खाली बघतात, वाटतं की आता आपणच सांगून टाकावं. तरी सांगायचं नाही. मी प्रश्न टाकला आहे, अण्णा. आता मी मध्ये बोलणार नाही.

तुमची मुलगी,
दुसरी ‘क’ची बाई